सतरा शब्दांसाठी कौल

आयरिश भाषेत होकार आणि नकार दर्शविणारे दोन सुटे शब्द नाहीत. प्रश्नात जे क्रियापद आले तेच उत्तरात परत यावयाचे, अशी त्या भाषेची रीत आहे. आणि ‘जेवलास का?’ या प्रश्नाला ‘जेवलो’ म्हणून मोकळे होणाऱ्या मराठी माणसाला तिचे फारसे नवल वाटू नये. या रीतीमुळे त्या देशात सार्वमतासाठी जी मतपत्रिका छापतात तिच्यावर इंग्रजी होकार-नकारांच्या जोडीला ‘तॉ’ आणि ‘नील’ असे दोन शब्द असतात, आणि त्यांचा शब्दशः अर्थ ‘आहे’ आणि ‘नाही’ असा होतो. शुक्रवार, 22 मे 2015 रोजी सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत देशभरच्या शाळांतून आणि सभागृहांतून लोकांनी आडोशाला उभे राहून, पेन्सिल हातात घेऊन, या दोहोंपैकी एका चौकटीत फुली मारली. दोन पुरुषांचा किंवा दोन स्त्रियांचा संसार राष्ट्राच्या मूळ सनदेच्या लेखी विवाह आहे की नाही, एवढेच त्या फुलीने ठरावयाचे होते.

कोणाचा संसार खरा आहे की नाही, हे त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनी बहुमताने ठरवावे यात मूळचाच एक अन्याय आहे, असे माझे मत आहे आणि ते मी प्रारंभीच नोंदवून ठेवतो. कारण पुढची हकीकत मन भरून यावे अशी असली, तरी हा अन्याय तिच्या पायाशी आहे आणि ज्यांनी तो सोसला त्यांना त्याचा विसर कधी पडला नाही. तरीही कौल का घ्यावा लागला, हे समजण्यासाठी त्या देशाची राज्यघटना उघडून पाहिली पाहिजे.

ही राज्यघटना 1937 सालची. तत्कालीन सरकारप्रमुख इमॉन डी व्हॅलेरा यांच्या कारकिर्दीत ती सिद्ध झाली आणि 1 जुलै 1937 रोजी लोकांच्याच मताने मंजूर झाली. भारतीय वाचकाचे तिच्याशी एक नाते आहे, कारण आपल्या राज्यघटनेच्या चौथ्या भागातील राज्याच्या धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आपल्या घटनाकारांनी तिच्यावरूनच घेतली. परंतु घटनादुरुस्तीच्या बाबतीत दोन्ही देशांच्या वाटा अगदी वेगळ्या आहेत. आपल्याकडे संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने ठराव केला आणि जरूर तेथे राज्यांच्या विधिमंडळांनी त्याला दुजोरा दिला की दुरुस्ती होते; आयर्लंडमध्ये मात्र 46व्या कलमाप्रमाणे लहानातील लहान दुरुस्तीसुद्धा मतदारांपुढे मांडावी लागते आणि साध्या बहुमताने ती तरते किंवा बुडते. आपल्या अनुभवात या प्रकाराच्या जवळ जाणारी एक गोष्ट म्हणजे 16 जानेवारी 1967 चा गोव्यातील जनमत कौल, ज्यात विलीनीकरणाचे ‘फूल’ आणि संघप्रदेशाची ‘दोन पाने’ यांतून गोमंतकीयांनी एकाची निवड केली. आयरिश मतदाराच्या वाट्याला असे कौल दर काही वर्षांनी येतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये असा दंडकही घालून दिला की, सरकारला सरकारी तिजोरीतून एकाच बाजूचा प्रचार करता येणार नाही. म्हणून त्या काळी प्रत्येक सार्वमताच्या वेळी एक स्वतंत्र आयोग नेमला जात असे आणि तो घरोघरी निःपक्षपाती माहितीपत्रक पोहोचवीत असे. हा शिरस्ता मला अनुकरणीय वाटतो.

या घटनेचे 41वे कलम कुटुंबाविषयी आहे. कुटुंब हा समाजाचा नैसर्गिक आणि मूलभूत घटक होय, त्याचे हक्क कोणत्याही कायद्याहून पुरातन आणि श्रेष्ठ होत, आणि कुटुंब ज्या विवाहसंस्थेवर उभे आहे तिचे राज्याने विशेष काळजीने रक्षण करावे, असा त्याचा आशय आहे. कॅथलिक धर्मविचाराची छाया त्या कलमावर स्पष्ट पडली आहे. स्त्रीच्या गृहजीवनाचा गौरव त्यात आहे, आणि घटस्फोटाला तर पूर्ण मनाई होती. ती मनाई उठवावी म्हणून 1986 साली प्रथम कौल घेतला तेव्हा 63.5 टक्के लोकांनी नकार दिला. 1995 साली पुन्हा विचारले तेव्हा ती उठली, पण अवघ्या 9,114 मतांच्या फरकाने. सबंध राष्ट्राने निम्म्यावर केसभर कललेल्या तराजूने घटस्फोट स्वीकारला, आणि त्यानंतर पुरती 20 वर्षे होण्याच्या आत त्याच राष्ट्रापुढे हा दुसरा प्रश्न आला.

मध्यंतरीच्या काळात काय घडले? याचे उत्तर एका जुन्या कायद्यापासून सुरू करावे लागते. इंग्रजी अमदानीत 1860 साली आपल्या दंडसंहितेत 377वे कलम आले. त्याच्या पुढच्याच वर्षी इंग्लंड आणि आयर्लंडसाठी जो फौजदारी कायदा झाला त्यातही पुरुषांमधील संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा ठरविली गेली. एकाच राजसत्तेने बेटावरच्या आणि उपखंडावरच्या लोकांच्या घरात सावत्र भावंडांसारखी सोडलेली ही दोन कलमे इंग्रज निघून गेल्यावरही तशीच राहिली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजातील प्राध्यापक डेव्हिड नॉरिस यांनी त्याविरुद्ध दावा लावला. 1983 साली सर्वोच्च न्यायालयाने तो तीन विरुद्ध दोन अशा मताने फेटाळला आणि निकालपत्रात राज्याच्या ख्रिस्ती स्वरूपाचा हवाला दिला. नॉरिस युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेले आणि 1988 मध्ये तेथे जिंकले. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या वकील मेरी रॉबिन्सन दोन वर्षांनी देशाच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या. पण कायदा प्रत्यक्षात रद्द होण्यास 1993 साल उजाडले. आपल्याकडील भावंड 2018 पर्यंत जगले.

कायद्याच्या या सावलीत माणसे कशी राहत होती, हे एका घटनेवरून कळेल. सप्टेंबर 1982 मध्ये डब्लिनच्या फेअरव्ह्यू उद्यानात रात्री एका तिशीतल्या माणसाला काही तरुणांनी, तो समलिंगी आहे एवढ्याच कारणाने, मरेपर्यंत मारहाण केली. पुढच्या मार्च महिन्यात न्यायालयाने आरोपींना दोषी ठरवून शिक्षा सुनावली आणि ती लगेच स्थगितही केली. ती मुले घरी गेली. त्या निकालानंतर काही दिवसांनी शेकडो माणसे शहरातून त्या उद्यानापर्यंत चालत गेली. त्यांच्यापैकी कित्येकांनी तोपर्यंत आपण कोण आहोत हे सख्ख्या आईलाही सांगितले नव्हते, आणि तरीही ती भर दिवसा रस्त्यावर चालली. 2015 च्या कौलाचा आरंभ मी त्या मोर्चापासून धरतो.

फौजदारी कलम गेले तरी दिवाणी हक्क आपोआप येत नाहीत. जोडीदार इस्पितळात असता त्याच्या खाटेपाशी बसण्याचा अधिकार, त्याच्या पश्चात घरावरचा हक्क, वारसा, निवृत्तिवेतन, करातली सवलत या साऱ्या गोष्टी ‘नातेवाईक’ या शब्दाभोवती फिरतात, आणि नातेवाईक कोण, हे कायदा ठरवितो. कॅथरीन झॅपोन आणि ॲन लुईस गिलिगन या दोन विदुषींनी 2003 साली कॅनडातील व्हँकुवर येथे विवाह केला आणि आयरिश करखात्याने आपल्याला दांपत्य म्हणून गणावे अशी मागणी केली. उच्च न्यायालयाने 2006 मध्ये घटनेतील ‘विवाह’ म्हणजे स्त्री-पुरुषांचाच विवाह, असा अर्थ लावून ती नाकारली. त्यानंतर 2010 साली समलिंगी जोडप्यांसाठी नोंदणीकृत सहजीवनाचा वेगळा कायदा झाला. तो काही थोडाथोडका लाभ नव्हता, हजारो जोडप्यांना त्याने प्रथमच कागदोपत्री अस्तित्व दिले. तथापि हक्कसंघटनांनी बारकाईने पडताळा घेऊन त्या सहजीवनात आणि विवाहात दीडशेहून अधिक भेद दाखवून दिले. त्यांत सर्वांत जिव्हारी लागणारा भेद मुलांचा होता. दोन स्त्रियांच्या घरात वाढणाऱ्या मुलाचे कायद्याने एकीशी नाते होते आणि दुसरी, जी त्याला रोज शाळेत नेत-आणत असे, ती कायद्याच्या दृष्टीने परकी होती. शिवाय कायदेमंडळाने दिलेले पुढचे कायदेमंडळ काढून घेऊ शकते. घटनेने दिलेले काढून घेण्यास पुन्हा सबंध देशापुढे जावे लागते. म्हणून घटनेचीच वाट धरणे प्राप्त झाले.

ती वाट धरण्यापूर्वी आयर्लंडने जो एक प्रयोग केला, त्याची माहिती आपल्याकडे फारशी नाही. 2012 साली एक घटना-परिषद भरविण्यात आली. तिच्यात एक अध्यक्ष, 33 लोकप्रतिनिधी आणि मतदारयाद्यांतून वय, प्रांत, स्त्री-पुरुष असे प्रमाण राखून निवडलेले 66 सामान्य नागरिक होते. एप्रिल 2013 मध्ये डब्लिनजवळच्या मॅलाहाइड येथील एका हॉटेलात ही शंभर माणसे शनिवार-रविवार गोल मेजांभोवती बसली. त्यांनी विधिज्ञांचे म्हणणे ऐकले, धर्मगुरूंचे ऐकले, समलिंगी पालकांच्या घरी वाढलेल्या तरुणांचेही ऐकले, आणि शेवटी 79 टक्क्यांनी घटना बदलण्याची शिफारस केली. ज्या प्रश्नावर नुसत्या घोषणांनी रान पेटते, तोच प्रश्न निवांत बसून, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून, दोन दिवस चर्चिला तर साधी माणसे किती समंजसपणे विचार करतात, याचे हे उदाहरण मला सार्वमताच्या निकालाइतकेच मोलाचे वाटते.

मग मसुदा झाला. इंग्रजी मजकूर सतरा शब्दांचा: कोणत्याही दोन व्यक्तींना, त्यांच्या लिंगाचा भेद न करता, कायद्यानुसार विवाहबद्ध होता येईल, एवढाच त्याचा अर्थ. पण आयरिश घटना दोन भाषांत असते, आणि दोहोंत विसंगती आढळली तर आयरिश पाठ प्रमाण मानावयाचा असा नियम आहे. पहिल्या आयरिश मसुद्यात ‘मग ते पुरुष असोत वा स्त्रिया’ अशा धाटणीची रचना होती. तिचा कडक अर्थ लावला तर दोन पुरुष किंवा दोन स्त्रिया यांनाच विवाह करता येईल आणि स्त्री-पुरुषांचा विवाह मात्र बाहेर राहील, असा आक्षेप निघाला! कोणी त्याला शब्दच्छल म्हटले, परंतु सरकारने धोका पत्करला नाही आणि मार्च 2015 मध्ये आयरिश पाठ नव्याने लिहून घेतला. ज्या भाषेत आज फार थोडे लोक रोजचा व्यवहार करतात, तिच्या एका वाक्यखंडासाठी राज्ययंत्रणा थांबली, ही गोष्ट भाषेवर प्रेम करणाऱ्या माणसाला सुखावणारी आहे. एप्रिलमध्ये मुलांचे पालकत्व आणि दत्तकविधान यांविषयी स्वतंत्र कायदा करून तो विषयही सार्वमतातून बाजूला काढण्यात आला.

विरोधकांचे म्हणणे न सांगता पुढे जाणे योग्य होणार नाही. मुलाला आई आणि बाप दोघेही असावेत, विवाह हा अपत्यसंगोपनाशी जोडलेला संस्कार आहे, आणि तो बदलला तर भाडोत्री मातृत्वाला वाट मोकळी होईल, असे त्यांच्या फलकांचे सार होते. कॅथलिक बिशपांची पत्रके चर्चमधून वाचली गेली. यांतले पुष्कळ लोक मनापासून बोलत होते. पण सहजीवनाच्या कायद्याने मान्य केलेल्या घरांत मुले आधीच वाढत होती आणि त्यांना आई-बापांविना ठेवण्याचा प्रश्नच नव्हता. प्रश्न होता तो त्या मुलांच्या दोन्ही पालकांचा संसार विवाह मानावा की नाही हा. भाडोत्री मातृत्वाचा या दुरुस्तीशी संबंध नाही, असा खुलासा सार्वमत-आयोगाच्या अध्यक्षस्थानी असलेल्या न्यायमूर्तींनीही केला होता.

बाजूने असलेल्या संघटनांनी ‘येस इक्वॅलिटी’ या नावाखाली एकत्र येऊन एक धोरण ठरविले, आणि त्या धोरणातच त्यांच्या यशाचे व दुःखाचेही मूळ आहे. वाद घालावयाचा नाही. स्वतःची गोष्ट सांगावयाची. त्यामुळे त्या वसंतात आयर्लंडच्या गल्लोगल्ली असे दृश्य दिसू लागले की, संध्याकाळी कामावरून सुटलेली दोन-तीन माणसे छातीवर बिल्ला लावून एकेका दाराची कडी वाजवीत आहेत, आतून कोणी म्हातारे गृहस्थ हात पुसत बाहेर येत आहेत, आणि उंबऱ्यापलीकडे उभी असलेली चाळिशीची स्त्री त्यांना, ज्यांना ती जन्मात प्रथमच भेटते आहे त्यांना, आपण कोणावर प्रेम करतो हे सांगून, त्या व्यक्तीशी विवाह करण्याची परवानगी आपल्याला द्याल का, हे विचारते आहे. काही दारे हसून उघडली, काही धाडकन मिटली. असे शेकडो उंबरे झिजविल्यावर माणूस आतून किती सोलवटत असेल, याची कल्पना करून पाहावी. विद्यार्थ्यांनी ‘आजीला फोन करा’ अशी मोहीम काढली, कारण वृद्धांचे मत पत्रकांनी वळत नाही, नातवाच्या आवाजाने वळते, हे त्यांनी ओळखले होते.

त्या आवाजांत एक आवाज आपल्या कोकणाशी नाते सांगणारा होता. आरोग्यमंत्री लिओ वराडकर यांनी 18 जानेवारी 2015 रोजी, स्वतःच्या छत्तिसाव्या वाढदिवशी, नभोवाणीवरील मुलाखतीत आपण समलिंगी असल्याचे सांगितले. त्यांचे वडील डॉ. अशोक वराडकर मुंबईचे, मूळ घराणे मालवण तालुक्यातील वराड गावचे, आई आयरिश. पुढे 2017 साली वराडकर पंतप्रधान झाले आणि 2019 च्या डिसेंबरअखेरीस आई-वडील, बहिणी, मेहुणे आणि आपला जोडीदार अशा गोतावळ्यासह वराडला येऊन गेले. माजी राष्ट्राध्यक्ष मेरी मॅकअलीस याही पुढे आल्या. श्रद्धाळू कॅथलिक असलेल्या या बाईंनी आपल्या समलिंगी मुलाच्या आई या नात्याने होकाराची बाजू उघडपणे मांडली, आणि गावोगावच्या कित्येक आयांना त्यांच्या रूपाने आधार मिळाला.

मतदानाला दोन दिवस उरले असता आणखी एक गोष्ट घडू लागली. आयर्लंडमध्ये परदेशस्थ सामान्य नागरिकाला टपालाने किंवा वकिलातीत मत देता येत नाही. अठरा महिन्यांच्या आत परतण्याचा इरादा ठेवून गेलेल्याचे नाव यादीत राहते, पण मत द्यावयाचे तर मायभूमीतच यावे लागते. म्हणून लंडनच्या विमानतळांवरून, वेल्समधील होलीहेडच्या धक्क्यावरून, कोणी थेट ऑस्ट्रेलियातून, तरुण मुले-मुली पदरमोड करून घराकडे निघाली. ज्या देशाने पिढ्यान्‌पिढ्या आपली पोरे बोटीत घालून परमुलखात धाडली, त्याच्या बंदरावर ती एका मतासाठी उतरत होती.

शनिवारी सकाळी नऊ वाजता पेट्या उघडल्या. आयरिश मतमोजणीत सरकारी कारकुनांच्या मेजांपुढे कठडा असतो आणि त्याच्या बाहेर पक्षांचे जुने अनुभवी कार्यकर्ते पाटीवर कागद लावून उभे राहतात. पेटी पालथी होऊन मतपत्रिका उलगडल्या जाऊ लागल्या की प्रत्येक फुली पाहून ते भराभर खुणा करतात, आणि अधिकृत आकडा येण्यापूर्वी कित्येक तास त्यांना निकाल कळलेला असतो. त्या दिवशी दहाच्या सुमारासच कठड्याबाहेरची माणसे एकमेकांकडे पाहू लागली. शहरी पेट्यांत होकार येईल हे अपेक्षित होते. शेतकरी गावांच्या आणि कामगार वस्त्यांच्या पेट्यांतही तो येत होता. विरोधी बाजूच्या प्रमुखांनी दुपारपूर्वीच उमदेपणाने हार मान्य केली. सायंकाळी, जेथून इंग्रजांनी आयर्लंडवर शतकानुशतके अंमल चालविला त्या डब्लिन किल्ल्याच्या चौकात, खच्चून भरलेल्या गर्दीपुढे आकडे जाहीर झाले: बाजूने 12,01,607, विरुद्ध 7,34,300, म्हणजे 62.07 टक्के होकार. 43 मतदारसंघांपैकी 42 बाजूने गेले. डोनेगाल नैर्ऋत्य अवघ्या 33 मतांनी आला; रॉसकॉमन–दक्षिण लीट्रिम हा एकच विरुद्ध गेला. त्याच दिवशी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यापुढे झॅपोनबाईंनी गिलिगनबाईंना पुन्हा विवाहाची मागणी घातली, कारण व्हँकुवरच्या विवाहानंतर बारा वर्षांनी ती मागणी आता मायदेशातही घालता येणार होती.

सार्वमताने प्रथमच सबंध देशात असा विवाह मान्य झाला, ही त्या कौलाची कीर्ती. न्यायालयाने हाच हक्क दिला असता तर तो कमी खरा ठरला नसता, आणि त्या उंबऱ्यांवरची मानखंडनाही टळली असती. तरीही एक गोष्ट मला नाकारता येत नाही. गाव सोडून गेलेला एखादा मुलगा त्यानंतर परत आला, तेव्हा आपल्या गल्लीतील बहुतेक घरांनी आपल्यासाठी फुली मारली आहे हे त्याला ठाऊक होते, आणि हे ज्ञान कोणत्याही निकालपत्राने त्याला दिले नसते. 16 नोव्हेंबर 2015 रोजी विवाहाचा कायदा अमलात आला आणि दुसऱ्याच दिवशी टिपररी परगण्यातील क्लॉनमेल गावी पहिला विवाह लागला.

आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच प्रश्न 2023 साली आला तेव्हा न्यायालयाने तो संसदेकडे सोपविला. तो अद्याप तेथेच आहे.

41व्या कलमाचे काम आयर्लंडमध्येही संपले नव्हते. कुटुंब विवाहावर उभे आहे हे मूळ वाक्य त्यात राहिलेच होते. विवाह न करता वीस वर्षे एकत्र राहिलेल्या एका जोडप्यातील स्त्री 2021 साली वारली; मागे तीन मुले राहिली. त्या मुलांच्या बापाने विधुर-वेतनासाठी अर्ज केला आणि तो विवाहित नव्हता म्हणून खात्याने तो नामंजूर केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि जानेवारी 2024 मध्ये न्यायालयाने समतेच्या कलमाखाली त्याच्या बाजूने निकाल दिला. परंतु 41व्या कलमातील कुटुंब म्हणजे विवाहावर आधारलेलेच कुटुंब, हेही स्पष्ट केले. त्यानंतर अवघ्या सहा-सात आठवड्यांनी, 8 मार्च 2024 रोजी, ‘अन्य टिकाऊ नाती’ हीही कुटुंबाच्या व्याख्येत घ्यावीत की नाही, असा कौल वराडकर सरकारने घेतला. या वेळी घटना-परिषदेतल्यासारखी निवांत चर्चा मसुद्याच्या शब्दांवर झाली नाही, दारोदार कोणी आपली गोष्ट सांगत हिंडले नाही, आणि टिकाऊ म्हणजे किती टिकाऊ, याचे उत्तर मंत्र्यांनाही एकसारखे देता येईना. 67.69 टक्के लोकांनी ‘नील’च्या चौकटीत फुली मारली. त्या बापाने आपला दावा जिंकला. राज्यघटनेच्या लेखी तो आणि त्याची तीन मुले आजही कुटुंब नाहीत.